रुमाल नदीला

तोयोसु, टोकियो
१२ जानेवारी २०१५

सदा,

अकरा वर्षांनी लिहितोय, तेव्हा आधी ख्यालीखुशाली विचारायला हवी, पण तेवढा धीर कुणाला आहे! पाद्री टॉलवर्थ सापडला! म्हणजे तो जाऊन शंभरावर वर्षं झाली, त्याचे कागद सापडले. आणि कुठे सापडावेत? दारांत! अरे, दारांच्या पोटात!

फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस. म्हणून पत्र. सिंधू शेजारी बसून सांगतेय, "दादाला लिहिताय ना, मग जरा दमानं. तो तुमच्यासारखा उतावळा नाही." बरं, दमानं. आम्ही दोघं दसऱ्यापासून अक्षयाकडे आहोत. ती आणि जावई सकाळी साडेसातला ऑफिसला जातात आणि मी सव्विसाव्या मजल्यावर बसून कचरा वेगळा करतो. जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद. प्रत्येकाचा वार वेगळा, आणि वार चुकला की खालचा रखवालदार पिशवी परत आणून देतो, वर वाकून नमस्कार करतो. चाळीस वर्षं मोडी वाचली, आता कचऱ्याचं वेळापत्रक वाचतो.

तर परवा अक्षयाच्या फोनवर, इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर, एक फोटो आला. पाठवणारा प्रसन्न म्हणून एक गृहस्थ. सेंदाईच्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करतो आणि रविवारी त्सुनामीत भिजलेले जुने कागद वाचवणाऱ्या लोकांबरोबर काम करतो. २०११च्या त्या लाटेत किनाऱ्यावरच्या घरांची सरकती कागदी दारं भिजली. फुसुमा म्हणतात त्यांना. वर नक्षीचा कागद, पण आत मजबुतीसाठी जुन्या रद्दीचे थरावर थर चिकटवलेले असतात. ही माणसं ते थर एकेक करून सोडवतात, कारण त्या रद्दीत दोनदोनशे वर्षांपूर्वीची पत्रं निघतात. एका घराच्या दारांत मात्र जपानी नसलेलं काहीतरी निघालं. प्रसन्नने खाली लिहिलं होतं, "हे आपल्याकडचं वाटतं. कुणाला वाचता येतं का?"

येतं की! वर आडवी रेघ, खाली हात न उचलता पळवलेलं अक्षर. मोडी! आणि कोपऱ्यात लाल शाईत आकडा, २०४. सदा, तोच लाल आकडा, चाराची तीच लांब शेपटी, जी पुण्याच्या आपल्या इतिहास मंडळातल्या टॉलवर्थ पेटीतल्या कागदांवर आहे. अर्धे कागद पुण्याला देऊन उरलेले घेऊन पाद्री जपानला गेला, एवढंच आपल्याला माहीत होतं. पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

२०४ आला म्हणजे मी कुठे पोचलो ते तुला कळलं असेल. आपला भांडणाचा कागद २१२ नंबरचा, आणि तो खालून फाटलेला. त्याचा खालचा तुकडा पाद्र्याने इकडे आणला असेल तर तो अशाच एखाद्या दारात आहे. तुझ्या खापरपणजोबांनी, त्रिंबक कुलकर्ण्यांनी, गावच्या जमिनींच्या कागदांचा कापडात बांधलेला रुमाल नदीत बुडवला, असं मी वाचलं आणि छापलं. तू म्हणालास, नाही, त्यांनी तो शत्रूच्या हाती दिला नाही, असं वाच. हिवरगावाने माझं ऐकलं. तुम्हाला "रुमालबुडवे" म्हणायला लागलं आणि यात्रेत मानकऱ्यांची यादी वाचायचा तुमच्या घराचा मान काढून घेतला. त्याला मी काय करणार? जे होतं ते वाचलं. आता उरलेला कागदच बोलेल. तयारी ठेव.

प्रल्हाद


तोयोसु
२६ जानेवारी २०१५

सदा,

उत्तर नाही. नको देऊस. मी काही थांबणाऱ्यातला नाही, कालच सेंदाईला जाऊन आलो. शिनकानसेनने, इथल्या बुलेट ट्रेनने, दीड तास. सिंधूने स्टेशनवर भाताचे त्रिकोणी गोळे घेतले, आत खारवलेलं आंबट फळ. म्हणाली, "आपल्या लिंबाच्या लोणच्याचं लांबचं नातं दिसतंय," आणि माझाही खाल्ला.

काम एका बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये चालतं. मुख्य बाई ओनोदेरा-सान, वय सत्तर, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. जमिनीवर गुडघे टेकून बसतात त्या चार तास उठत नाहीत. दारांचे तुकडे बुरशी लागू नये म्हणून चार वर्षं मासळीच्या शीतगृहात गोठवून ठेवले होते. एकेक बाहेर काढायचा, पाण्याचा बारीक फवारा मारायचा, थांबायचं, बांबूची पातळ पट्टी खाली सरकवायची, पुन्हा थांबायचं. एक ताव सुटायला अख्खी सकाळ जाते. दहाव्या मिनिटाला मी म्हणालो, "अहो, जरा ओढा की!" प्रसन्न दुभाषा होता. त्याने ते भाषांतर केलंच नाही.

आपला जुन्नरी हातकागद हातात आला की बाई मान डोलावतात. म्हणतात, समुद्रात भिजला, गोठला, आणि तरी बघा. घराच्या मालकांनी शंभर वर्षांपूर्वीच्या भाडेकरूचे, म्हणजे आपल्या पाद्र्याचे, खोके जपून ठेवले होते. पुढे कधीतरी दारं नवी करताना कारागिराने जुना कागद मागितला. कुणाला वाचता न येणारा कागद त्यांनी दिला, म्हणजे कुणाचं गुपित उघडं पडायला नको! त्याने गठ्ठा वरून खाली जसा होता तसाच चिकटवत नेला, त्यामुळे आकडे ओळीने निघतायत. २०७, २०८, २०९. आणखी तीन, सदा!

पाद्र्याचं चरित्र तर मला कागदांच्या पाठीवरच मिळालं. बाबाला पाठकोऱ्या कागदाची सवय. पत्रांचे कच्चे खर्डे, बाजारहाट, मनातली चिडचिड, सगळं पेन्सिलीने मागे लिहिलंय. सव्विसाव्या वर्षी नगरला आला तो मोठ्या दुष्काळात. धान्य वाटता वाटता त्याने पाहिलं की शोभेची दारू करणारा भुईनळे गुंडाळायला जुनी दप्तरं फाडतोय. दुसऱ्या दिवशी हा इंग्रजी वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन दारात हजर! हे घे, ते दे. मग दर दिवाळीच्या आधी महिनाभर पाद्रीसाहेब दारूवाल्यांच्या घरी. लोकांना वाटायचं साहेबाला फटाक्यांचा नाद आहे. बाळाजी नावाच्या कारकुनाकडे मोडी शिकला, आणि त्याच्याशी रोज भांडायचा. बिशपने विचारलं, तुम्हाला तिकडे आत्मे गोळा करायला पाठवलं की रद्दी? त्यावर याने लिहिलेल्या उत्तराचे चार खर्डे सापडलेत, एकाहून एक उर्मट. शेवटी १८८९ साली कोबेला, खलाशांच्या चर्चमध्ये बदली. तिथेही पटलं नाही. मग उत्तरेला, ही दारं निघाली त्या बंदरगावी येऊन सोयासॉसवाल्याच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, लग्न केलं नाही, आणि इथेच मातीत गेला. काय माणूस असेल! मला तो भेटायला हवा होता. आमचं दोन दिवसही पटलं नसतं म्हणा.

ओनोदेरा-सान यांनी विचारलं, तुम्ही २१२साठी एवढे का घायकुतीला आलात? सांगितलं. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ वेगळं नसतं. त्यामुळे "नदीला" आणि "न दिला" हे लिहायला अगदी एक. ओळ अशी आहे: "त्रिंबक कुलकर्णी यासी धरोन नेले, रुमाल मागितला, त्याणे रुमाल नदीला", आणि तिथे कागद फाटला. पुढे मी कंसात "टाकिला" घातलं. तू मंडळाच्या सभेत उठून म्हणालास, "कंस तुझा आहे, प्रल्हाद, कागदाचा नाही. त्या काळचा माणूस 'नदीस' लिहील, 'नदीला' नाही." मी म्हणालो, "आणि 'न दिला' लिहायचं तर 'न दिल्हा' लिहील, सदानंदराव!" टाळ्या मला पडल्या. हे सगळं प्रसन्नने बाईंना समजावलं. टाळ्यांचं त्यांनी ऐकलंच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "कागद पाण्यात टाकले? मुद्दाम?"

मग प्रसन्न मला हळूच म्हणाला की बाईंचं स्वतःचं घर लाटेत गेलं. सात पिढ्यांचे कागद होते, एक चिटोरं हाती लागलं नाही. मी त्यांना विचारलं, मग लोकांची दारं कशाला सोडवत बसता? तर म्हणाल्या, "माझं काही उरलं नाही, म्हणून लोकांच्यासाठी वेळ आहे." मी उठून त्यांच्या फवाऱ्याची बाटली भरून आणली.

प्रल्हाद


तोयोसु
९ फेब्रुवारी २०१५

सदा,

२११ निघाला! काल! दोनशे अकरा!

साधाच कागद आहे, कुणाच्या तरी बैलांची पावती, पण मी तो डोक्याला लावला. हॉलमधल्या सगळ्या बायका हसल्या. त्याच्या खाली, पाण्याने जरा पारदर्शक झालेल्या थरातून, लाल दोन दिसतो. त्यापुढचा एकही दिसतो. बाई म्हणाल्या, आज नाही, घाई केली तर फाटेल, पुढच्या रविवारी. एक आठवडा! मला रात्री झोप नाही, दिवसा जेवण नाही. अक्षया म्हणते, "बाबा, तुम्ही दहावीच्या निकालाला बसल्यासारखे बसलायत." असू दे.

खरं सांगू, मला तुझी कीव यायला लागली आहे. तू भला माणूस, पण घरचं नाव आलं की डोळ्यांवर कातडं ओढणारा. सभेत मी तुला जे बोललो ते जरा जास्त झालं, सिंधू अकरा वर्षं ऐकवतेय. "सदानंदरावांना पूर्वजांच्या प्रेमाने आंधळं केलंय, नदी दिसत नाही, कुणीतरी हात धरून घाटावर न्या," असं मी माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो. शब्द तोलून बोललो असतो तर बरं झालं असतं. पण वाचन चुकीचं नव्हतं! एकदा खालचा तुकडा हाती आला की मी तुझ्यावर एक अक्षरही लादणार नाही. फोटो काढून पाठवतो, तूच वाच. मग मोठ्या मनाने "हरलो" म्हण, मी मोठ्या मनाने विसरतो, आणि सिंधू एकदाची यात्रेला माहेरी जाईल. ती अकरा वर्षं गेली नाही. म्हणते, "कुठल्या तोंडानं जाऊ? बुडवणाऱ्यांची मुलगी म्हणून, की बुडवले म्हणणाऱ्याची बायको म्हणून?"

पुढच्या सोमवारी पत्र टाकतो. मिशीला पीळ देऊन ठेवलाय.

प्रल्हाद


तोयोसु
१६ फेब्रुवारी २०१५

सदा,

इकडे थंडी फार आहे. सेंदाईला गुडघाभर बर्फ होतं. सिंधूची कंबर धरली होती, आता बरी आहे.

२१२ निघाला. पण पाण्याने शाई फुटली आहे, फारसं लागत नाही. बघू पुढे.

तुझी तब्येत कशी आहे? साखर तपासतोस ना?

प्रल्हाद


तोयोसु
२४ फेब्रुवारी २०१५

सदा,

मागचं पत्र फाडून टाक. ते खोटं आहे.

शाई फुटलेली नव्हती. अक्षर काल लिहिल्यासारखं होतं. सोळा तारखेच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी अकरा वाजता ओनोदेरा-सान यांनी तो ताव उचलून माझ्यासमोर पांढऱ्या फेल्टवर ठेवला आणि मी एका श्वासात वाचला. दहा सेकंदं लागली असतील. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. प्रसन्नने फोनवर रेकॉर्डिंगसुद्धा चालू केलं होतं. आणि मी म्हणालो, "वाचता येत नाही."

अख्ख्या त्या हॉलमध्ये मोडी वाचणारा मी एकटा. मी नाही म्हटलं की संपलं! कोण विचारणार होतं? सिंधूला मोडी येत नाही. तिने आगगाडीत विचारलं, "काय निघालं हो?" मी तिलाही तेच सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो. तुझ्या बहिणीला सांगितलं, सदा. तुझ्या घरचं असलेलं तिच्यापासून लपवलं. घरी येऊन तुला ते साखरेचं पत्र लिहिलं. कागदाच्या कचऱ्याच्या दिवशी २१२च्या वाचनाच्या माझ्या खर्ड्यांचा गठ्ठा बांधून खाली ठेवला, तोही सिंधू झोपलेली असताना, तिने उघडून बघू नये म्हणून.

परवा रविवारी पुन्हा गेलो. जायचं नव्हतं, प्रसन्नने फोन केला, बाईंनी आवर्जून बोलावलंय म्हणाला. हॉलमध्ये गेलो तर फेल्टवर २१२ ठेवलेला, आणि आधीपेक्षा उजळ. प्रसन्न म्हणाला, तुम्ही वाचता येत नाही म्हणालात ना, बाई तीन दिवस याच्यावरच बसल्या होत्या. जुनी खळ एका एका अक्षराभोवतून ओल्या कुंचल्याने काढली. बाकीचं काम थांबवलं. बाई गुडघ्यांवरून उठताना टेबलाला धरून उठल्या आणि मला म्हणाल्या, "सेन्सेई, आता लागतंय का बघा. नाही लागलं तर आणखी एक उपाय आहे."

आणखी एक उपाय आहे! आणि वर मला सेन्सेई, म्हणजे गुरुजी! मी मेलो तिथे. भर हॉलमध्ये, बायकामाणसांसमोर, मला रडू आलं. मी म्हणालो, प्रसन्न, हे मात्र जसंच्या तसं भाषांतर कर. यांना सांग की अक्षर पहिल्या दिवसापासून लागत होतं. मी खोटं बोललो.

घे. वाच. तुझं आहे:

"सबब दोन दिवस उपाशी ठेविला, कोरडे ओढिले. तरी ठिकाण न सांगे. तिसरे दिवशी सोडिला. रुमाल देवाचे कोठींत सुखरूप आहे. गावकरी यांणी येणेप्रमाणे जबाब दिला."

नदी नाही. पाणी नाही. त्यांनी रुमाल दिला नाही. दोन दिवस उपाशी राहिले, पाठीवर चाबूक खाल्ले आणि जागा सांगितली नाही. आणि शेवटी बघ, "जबाब दिला"! त्या लिहिणाऱ्याला "दिल्हा" लिहायची सवयच नव्हती. ज्या "दिल्हा"वर मी टाळ्या घेतल्या, तोही गेला. तू बरोबर होतास. अकरा वर्षं, पहिल्या दिवसापासून तू बरोबर होतास. मी चुकलो.

अजून संपलं नाही. तुला माहीत नसलेलं सांगतो, कारण आता लपवायला काही उरलं नाही. मंडळातल्या पेटीबरोबर पाद्र्याची इंग्रजी यादी आहे, आठवते? त्यात २१२पुढे त्याने लिहिलंय, "गावच्या कारकुनाने गठ्ठा नदीत बुडवला." मी ती यादी कागद उघडायच्या आधी वाचली होती. कुणाला बोललो नाही. मग मोडी समोर घेतली तेव्हा मला नदी आधीच दिसत होती. मी वाचलंच नाही सदा, मी नक्कल केली आणि माझं वाचन म्हणून मिरवलं. आंधळा तुला म्हणालो.

आणि आता हा पाद्री बघ! २१२च्या पाठीवर पेन्सिलीने, १८८९चा फेब्रुवारी, बोटीवर चढायच्या आदल्या आठवड्यातली नोंद. तुझ्यासाठी मराठीत करतो: "दारूवाल्याच्या शेवटच्या पोत्यात याचा खालचा भाग मिळाला. नदी नाहीच. बाळाजी दिवसभर हसत होता. मी गाढव. पुण्याला कळवणे." बस्स, एवढंच. कारकून हसला, साहेबाने स्वतःला गाढव म्हणून घेतलं आणि पेटी बांधायला घेतली. कळवायचं मात्र राहूनच गेलं. एकशे सव्वीस वर्षं राहिलं, आणि त्याची चूक मी उचलून तुझ्या घरावर नेऊन घातली. तरी त्याला एक दिवस पुरला रे. मला काय काय लागलं बघ.

प्रसन्नने सगळं सांगितल्यावर ओनोदेरा-सान यांनी मला काहीच दोष दिला नाही. एकच विचारलं, "म्हणजे कागद पाण्यात गेले नाहीत?" मी म्हणालो, नाही, देवळात ठेवले होते. त्या म्हणाल्या, "योकात्ता." बरं झालं, असा अर्थ आहे. दोनदा म्हणाल्या. मग तीन दिवस फुकट गेल्याबद्दल मी माफी मागितली, तर म्हणाल्या, कागद स्वच्छ व्हायचा होताच, तो झाला.

घरी येऊन सिंधूला सांगितलं. ती पोळ्या करत होती. गॅस बंद केला, हात धुतले आणि म्हणाली, "पुन्हा वाचा." मी वाचलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा वाचल्यावर आत निघून गेली. माझ्याशी बोलत नाहीये. बोलू नये हेच बरोबर आहे.

फोटो बरोबर ठेवलाय. मंडळाच्या मासिकाकडे माझं पत्र आज वेगळ्या पाकिटाने गेलं. त्यात लिहिलंय, २१२चं वाचन सदानंद हिवरगावकर यांचं, चूक माझी, आणि ती चूक मी कशी केली तेही.

प्रल्हाद


तोयोसु
१३ मार्च २०१५

सदा,

सिंधू बोलली! आठव्या दिवशी, आणि पहिलं वाक्य काय, "तुमची पत्रं दादा उघडतच नाही." तिने तुला फोन केला होता. तू तिला म्हणालास म्हणे, "येतात चांगली जाडजूड. पेटीवर ठेवलीयत. मला त्याच्याकडून पुन्हा नदी ऐकायची नाही." म्हणजे पाचही पत्रं तशीच आहेत. मी इकडे दर टपालाला खाली धावतोय आणि तिकडे पाकीटसुद्धा फाटलेलं नाही! पहिल्यांदा मला राग आला. मग हसू आलं. ती पत्रं उघडली असतीस तर पहिल्या तीन पत्रांतच माझी आरडाओरड वाचून तू पाचव्यापर्यंत पोचला नसतास.

मी सिंधूला म्हणालो, मग तूच फोनवर सांगून टाक, "न दिला" होतं म्हणून. ती म्हणाली, "मी का सांगू? मी म्हणाले होते का नदीला?" चाळीस वर्षं संसार केला, एका वाक्यात माझं तोंड बंद करायची कला तिने अजून ठेवली आहे. आणि बरोबरच आहे तिचं. तुला चार भिंतींत कळून काय होणार? तुला तर पहिल्यापासून माहीतच होतं. कळायचं आहे ते गावाला. तुमच्या नातवंडांना शाळेत "रुमालबुडवे" म्हणणाऱ्या पोरांच्या आईबापांना. यादी तुझ्या हातातून काढून घेणाऱ्या पंचांना. मासिक काय, ते चाळीस लोक वाचतात, त्यातले वीस झोपतात.

म्हणून तिकीट काढलंय. चैत्री पौर्णिमेला भैरोबाच्या यात्रेला आम्ही दोघं हिवरगावात असू. सिंधूने तिची बॅग भरूनसुद्धा ठेवली, अजून तीन आठवडे आहेत! काल रोज नेसायची साडी तिला त्यातूनच काढावी लागली. सरपंचांना अक्षयाने इथून फोन लावून दिला. मी सांगितलं, पारावर पाच मिनिटं द्या, यादीच्या आधी. ते म्हणाले, कशाबद्दल? मी म्हणालो, मी अकरा वर्षांपूर्वी तुमच्या गावाला खोटं सांगितलं होतं, ते मागे घ्यायचंय. मग म्हणाले, या.

परवा, अकरा मार्चला, त्या लाटेला चार वर्षं झाली, दुपारी पावणेतीनला सेंदाईच्या हॉलमध्ये सगळ्यांनी काम थांबवलं आणि उभे राहिले. मीही राहिलो. नंतर ओनोदेरा-सान यांनी २१२ची एक नक्कल दिली, त्यांच्याकडच्या चांगल्या कागदावर, खऱ्या मापाची. खाली जपानीत त्रिंबक कुलकर्ण्यांचं नाव स्वतः लिहिलंय. त्यांनी विचारलं, त्यांच्या घरचं कुणी आहे का? मी म्हणालो, आहे, माझा मेव्हणा. माझ्याशी बोलत नाही. त्यांनी ऐकलं आणि नक्कल आणखी एका कागदात गुंडाळून दिली, वाटेत चुरगळू नये म्हणून.

हे पत्रही तू उघडणार नाहीस. नको उघडूस, ठेव त्या पाचांवर. पारावर ये, एवढंही मी मागत नाही. तुझा दाराआड बसायचा हक्क आहे, आणि तुमचं घर पाराला लागूनच आहे. सभेत मी तुला आंधळा म्हणालो होतो तेव्हा माईक नव्हता आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं. त्याच आवाजात वाचणार आहे.

प्रल्हाद